दोन झाकणांचे धुकेकाका

स्वयंपाकघर आणि पंपाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंतीला कान असतात म्हणतात, त्या भिंतीला पाण्याच्या नळीसाठी पाडलेलं भोकही होतं. त्या भोकातून काकूंनी लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत आपल्या नवऱ्याचं आणि थोरल्या नणंदेचं भांडण ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं. कणीक मळत होत्या, आणि पिठाच्या हातांनी काही कान झाकता येत नाहीत.

"तुझी ती पिचकारी घे आणि माझ्या मांडवाबाहेर हो," नणंद म्हणत होती. "नासलेलं फळ दिसलं की मी कात्रीने काढते. वाळकं पान उचलते. बाजूचं प्लॅस्टिक गुंडाळून वारा आत घेते. एवढं केल्यावर बुरशीची काय बिशाद आहे?"

"ताई, बाहेर धुकं बघ. तू एक फळ काढशील तोवर शेजारची चार पांघरूण घेऊन झोपलेली असतील. तुझी कात्री म्हणजे वाटीने विहीर उपसणं आहे."

"आणि तुझा पंप?"

"पंप म्हणजे पंप. एकदा मारला की निवांत."

"लहानपणी दात घासायचा कंटाळा करायचास. नुसती चूळ भरून यायचास आणि म्हणायचास, झालं. अजून तसाच आहेस. सगळं चूळ भरून व्हायला पाहिजे तुला."

यावर नवरा पंप उचलून चालता झाल्याचा आवाज आला आणि काकूंना हसू आवरेना. तेवढ्यावरून त्यांना कळलं की या घरात नवऱ्याला गप्प करायचं असेल तर नणंदेशी सूत जमवलं पाहिजे. ते त्यांनी जमवलं आणि जन्मभर टिकवलं.

ताई म्हणजे आईच्या जागची. धाकट्या भावाला तिनेच वाढवलेलं. नवऱ्यामागे तिने प्लॅस्टिकच्या मांडवाखाली स्ट्रॉबेरी लावली होती आणि ती एकटीच्या हिमतीवर पिकवत होती. भाऊ फवारणीचं काम करायचा. ज्याच्या बागेत रोग, त्याच्या बागेत हा पाठीला पंप बांधून हजर. आणि भांडण होतं ते करड्या बुरशीवरून. ही बुरशी मोठी लबाड. गारठा पडला, हवा कोंदली, पानं ओली राहिली की ती येते. आदल्या दिवशी फळ लालबुंद असतं. दुसऱ्या दिवशी त्याला एक मऊ डाग, आणि मग त्या डागावर राखेसारखी लव. हात लावला की धूर उडावा तशी ती उडते आणि शेजारच्या फळांवर जाऊन बसते. एक नासकं फळ सगळी टोपली नासवतं म्हणतात. ही तर टोपलीपर्यंत येऊच देत नाही, झाडावरच कारभार आटोपते.

त्या वर्षी धुकं हटेचना आणि ताईची कात्री खरंच अपुरी पडली. तेव्हा तिने तोंडाने हो म्हटलं नाही, नुसतं मांडवाचं दार उघडं ठेवलं. भाऊ काय ते समजला. त्याने निळ्या झाकणाच्या बाटलीतलं औषध फवारलं आणि बघता बघता राख सुकली, नवी फळं कोरी आली. खोटं कशाला बोला, ते औषध तेव्हा रामबाण होतं.

तिथून या माणसाचा बोलबाला झाला. फवाऱ्याच्या पांढऱ्या धुरातून आधी रबरी बूट दिसायचे, मग पोट, मग मिशा. पोरांनी नाव ठेवलं धुकेकाका. पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली, आणि काकूंनाही त्यांचं खरं नाव लग्नाच्या कागदावर बघूनच आठवायचं.

धुकेकाकांची कामाची रीत ठरलेली होती. बागांच्या रस्त्याला पहिल्या वळणावर नळ होता. तिथे ते हातगाडीवरचं मोठं पिंप भरायचे, औषध ओतायचे, लांब काठीने ढवळायचे आणि त्या एकाच पिंपातून एकाच सकाळी रस्त्यावरचे सगळे मांडव फवारायचे. त्यांचं म्हणणं, बुरशी म्हणजे उंदीर. एका घरात मारला तर दुसऱ्या घरात पळतो. सगळी दारं एकदमच लावायची. लोकांनाही ते पटलं. प्रत्येकाने वेगळी बाटली आणा, अर्धी वापरा, अर्धी कपाटात सुकवा, यापेक्षा एकच पिंप बरं. भावकीत वाटणी होत नाही इतकी सरळ त्या पिंपाची वाटणी व्हायची.

आणखी एक. काका अडाणी नव्हते. दुकानदाराने त्यांना कधीतरी सांगितलं होतं की एकच औषध सारखं मारू नये, आलटून पालटून मारावं, नाहीतर बुरशीला त्याची सवय होते. काकांनी ते मनावर घेतलं. एक वेळ निळं झाकण, पुढची वेळ लाल झाकण. चूक होऊ नये म्हणून मारलेल्या औषधाचं झाकण दोऱ्याने गाडीच्या दांड्याला टांगून ठेवायचे. निळं लटकत असेल तर आज लाल. लोक कॅलेंडर बघतात, काका झाकण बघायचे. या शिस्तीचा त्यांना मोठा अभिमान होता. घरात भाजीसुद्धा सलग दोनदा एक झाली तर म्हणायचे, "अगं, झाकण बदल."

अशी कैक वर्षं सुखाची गेली. मग एका थंडीत फवारणी झाल्यावरही ताईच्या दोन वाफ्यांवर राख दिसली. काका म्हणाले, कोपरा सुटला असेल. पुन्हा मारलं. पुढच्या वर्षी तशी राख टोपीवाल्यांच्या मांडवात दिसली. टोपीवाले म्हणजे ताईचे शेजारी, झोपतानासुद्धा डोक्यावरची टोपी काढत नसत असा प्रवाद होता. त्यानंतर सगळ्यांकडेच.

काकांनी काय केलं नाही? जुन्या दातांच्या ब्रशने नोझल घासली. नळाचं पाणी बदलून विहिरीचं आणलं. पिंप घासून उन्हात पालथं घातलं. दुकानदार भेसळ करतो म्हणून त्याच्याशी भांडून आले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. शेवटी औषध दाट केलं. पानांच्या कडा करपल्या, बुरशी मात्र खुशाल. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं औषध जात होतं.

"काका," टोपीवाल्यांनी एकदा भर रस्त्यात विचारलं, "पिंपात औषध घालता की गुळण्यांचं पाणी?"

"तुमच्या टोपीत ओतून देतो. डोक्यातली बुरशी गेली तर औषध खरं."

लोक हसले. काकाही हसले, पण घरी आल्यावर बूट न काढताच ओट्यावर बसून राहिले.

ताई मात्र एका शब्दाने बोलत नव्हती. काकूंना त्याचीच भीती वाटत होती. फळं निवडायच्या खोलीत दोघी समोरासमोर बसायच्या. मध्ये लांब टेबल, त्यावर जुनं चादरीचं कापड. चांगलं फळ उजवीकडे खोक्यात, हिरवट फळ वाडग्यात, करडं फळ खाली बादलीत. त्या दिवशी बादली आधी भरली.

"याही वर्षी असंच गेलं ना," ताई फळाचा देठ मोडत म्हणाली, "तर प्लॅस्टिक उतरवणार मी. लेक कधीची बोलावते आहे. जाईन तिच्याकडे."

"त्या उंच इमारतीत? काय करणार तिथे?"

"गॅलरीत बसणार. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात म्हणे."

"मुंग्या बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? माझ्या साखरेच्या डब्यात या."

ताई हसली नाही. "त्याला सांगू नकोस. आधीच बिचारा दिवसाआड पंप घेऊन येतो. त्याला वाटेल त्याच्यामुळे."

सांगू नकोस म्हटलेली गोष्ट काकूंच्या पोटात काका हात धुऊन जेवायला बसेपर्यंत राहिली. त्यांच्या मानाने ती पुष्कळच टिकली. ऐकून काकांचा घास हातातच राहिला. ज्या जमिनीवर ते चालायला शिकले, ज्या बाईने त्यांच्या पहिल्या पंपासाठी स्वतःच्या बांगड्या मोडल्या, ती मांडव उतरवून मुंग्या बघायला जाणार.

"मी आहे ना," ते म्हणाले. मग स्वतःशीच, हळू, "पण मी काय करू? झाकणं दोनच आहेत."

"शहरात ती पिकांचे रोग तपासणारी प्रयोगशाळा आहे," काकू म्हणाल्या. "तिथल्या बाई बघतात म्हणे."

"बुरशीबाई? लोक बुरशी मारायला धडपडतात आणि ती बाई तिला बशीत बसवून खाऊ घालते. तिच्याकडे मी नाही जाणार."

"तुम्ही नका जाऊ. मी जाते."

आणि काकू गेल्या. आयुष्यात फळाच्या नमुन्याचं काम कधी केलेलं नाही, पण घरून काही न्यायचं तर ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातून, एवढं त्यांना माहीत होतं. ताईच्या बागेतली करडी फळं निवडून त्यांनी डबा गच्च भरला. बस उन्हातून धक्के खात गेली. प्रयोगशाळेत बुरशीबाईंनी डबा उघडला, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "जाम केलाय का?"

काकूंना आधी राग आला, मग त्यांनीही डोकावून पाहिलं. खरंच जाम होता.

बाई चांगल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढरा कोट, खिशात पेनं. त्यांनी काकूंना बसायला दिलं, पाणी दिलं आणि सांगितलं की फळं सुटी सुटी कागदी पिशवीत आणा, आणि येताना दोन गोष्टी घेऊन या. फवारणाऱ्या माणसाला, आणि तो वापरतो त्या बाटल्यांना.

बाटल्या लगेच मिळाल्या. माणसाला आणायला जरा वेळ लागला. शेवटी काकूंनी ताईच्या लेकीचं पत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली, गॅलरीतून काय काय दिसतं ते, तेव्हा काका उठून चप्पल शोधायला लागले.

फळं देऊन आले. बशा तयार व्हायला काही दिवस जावे लागतात. बोलावणं आलं तेव्हा काका नवा सदरा घालून, बाटल्या पिशवीत घेऊन, पेपर अवघड गेलेल्या पोरासारखे बाकावर बसले. बुरशीबाईंनी टेबलावर काचेच्या चार बशा मांडल्या.

"ही पहिली. हिच्यात औषध नाही. बघा कशी वाढली आहे."

बशीत मांजराच्या पाठीसारखी करडी लव भरगच्च उगवली होती.

"ही दुसरी. हिच्यात तुमचं निळ्या झाकणाचं औषध."

दुसऱ्या बशीतही मांजर. पहिल्याइतकंच गुबगुबीत.

"आणि ही तिसरी, लाल झाकण."

तिसरं मांजर. काका पुढे वाकले, मागे टेकले, पुन्हा पुढे वाकले. चौथ्या बशीत वेगळंच औषध होतं. ती बशी जवळजवळ स्वच्छ होती.

"असं कसं होईल, बाई," काका म्हणाले. "मी काय अडाणी आहे का? एकदा निळं, एकदा लाल. कधी चुकलो नाही. झाकण टांगून ठेवतो मी."

"बाटल्या आणल्यात ना? मागची बारीक अक्षरं वाचू."

बाईंनी भिंग दिलं. काकांनी एका बाटलीवरचं वाचलं, दुसरीवरचं वाचलं, आणि भिंग पुसून परत दोन्ही वाचली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, झाकणं वेगळी, चित्रं वेगळी. आतलं औषध एकच.

"म्हणजे एकच माणूस सदरा बदलून येत होता," काकू मागून म्हणाल्या.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं पाळी बदलली. बुरशीला माहीत होतं, पाहुणा तोच आहे."

मग त्यांनी सगळं नीट समजावून दिलं. बुरशीच्या असंख्य कणांमध्ये एखाददुसरा जन्मतःच निबर असतो, औषधाने मरत नाही. पहिल्या फवाऱ्यात मऊ मऊ मेले, तो निबर राहिला. मोकळ्या बागेत त्याचीच पोरंबाळं वाढली. पुन्हा तेच औषध, पुन्हा मऊ तेवढे मेले. होता होता सगळं गोकुळ निबरांचं झालं. आता औषध कितीही दाट करा, ते अंघोळ करून ताजेतवाने होणार.

काकांनी दुसरी आणि तिसरी बशी शेजारी शेजारी सरकवली. "आणि मी एकाच पिंपातून प्रत्येकाच्या दारात तेच नेलं," ते म्हणाले. "म्हणजे घरोघर बियाणं मीच निवडून दिलं."

"तुम्ही नसतं मारलं तर तेव्हा फळंच हाती लागली नसती," बाई म्हणाल्या. "औषध वाईट नव्हतं. दमवलं तुम्ही त्याला."

"मग आता या चौथ्या बशीतलं द्या. तेच मारतो सगळीकडे."

बुरशीबाईंनी डोक्याला हात लावला. काकूंनीही लावला.

"काका, नव्याचे नऊ दिवस. याची तीच गत कराल. हे फुलोऱ्यात एकदा. पुढची वेळ आली तर वेगळ्या कुळातलं, आणि कूळ झाकणावर नाही, मागे लिहिलेलं असतं. आणि बरंचसं काम औषधाशिवाय. सडकी फळं, वाळकी पानं बाहेर. बाजूचं प्लॅस्टिक दिवसा वर. पाणी मुळाशी, पानांवर नाही."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते. हे सगळं त्यांनी आधी कुठे ऐकलं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

बसमधून उतरल्यावर काका घरी न जाता सरळ ताईच्या मांडवात गेले. ताई उकिडवी बसून पानं काढत होती. काकू चार पावलं मागे थांबल्या, म्हणजे ऐकू येईल इतक्याच मागे.

"ताई, दोन्ही औषधं एकच निघाली."

"कुठली दोन्ही?"

"निळं आणि लाल."

ताईने मान वर केली. "मग इतकी वर्षं ते झाकण कशाला टांगत होतास?"

"शोभेला."

मग तिच्या खांद्यांना गदागदा हलताना काकूंनी पाहिलं आणि आधी वाटलं रडते आहे. हसत होती. इतक्या दिवसांनी हसत होती की मध्येच ठसका लागला. काका तिच्यासमोर खाली बसले, बशांचं, मांजरांचं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "एक हंगाम दे मला. लेकीला कळव, पुढच्या वर्षी येते म्हणून."

"तुला कुणी सांगितलं मी जाणार आहे ते?"

काकूंनी मांडवाच्या छताचं प्लॅस्टिक किती जुनं झालं आहे ते निरखायला सुरुवात केली.

"एक हंगाम," ताई म्हणाली. "पण पंप आणशील तो मी बोलावल्यावर. आधी बादली घे."

दुसऱ्या दिवसापासून काका रस्त्यावरच्या प्रत्येक मांडवात गेले. पिंप न घेता. प्रत्येकाला तेच सांगितलं, बशीपासून झाकणापर्यंत, आणि स्वतःची फजिती कुठेही झाकली नाही. पहिल्या दोन ठिकाणी जीव चोरून सांगितली, तिसरीकडे हातवारे करून, पाचव्या-सहाव्या मांडवापर्यंत ती गोष्ट इतकी रंगली की लोक पुन्हा सांगा म्हणू लागले. टोपीवाले तेवढे अडून बसले. "मी माझं लालच मारणार," म्हणाले. मारलं. त्यांच्या बागेत मांजरं वाढली. मग एका सकाळी तेच बादली हातात घेऊन ताईच्या दाराशी उभे राहिले. त्यांनी टोपी काढली होती, आणि आत केस होते, हीसुद्धा तेव्हा बातमी झाली.

तो हंगाम सोपा गेला नाही. सकाळी धुकं ओसरलं की बाजूचं प्लॅस्टिक गुंडाळायचं, संध्याकाळी सोडायचं. वाफ्यावाफ्यातून वाकून चालायचं. काकांची कंबर धरली आणि काकूंनी तेल लावताना विचारलं, "चूळ भरणं सोपं होतं ना?" करडं फळ काढताना ते हलू नये म्हणून काका त्याच्यावर आधी कागद धरायचे, पाळण्यातलं पोर उचलावं तसे अलगद उचलायचे. फुलोऱ्यात एकदा चौथ्या बशीतलं औषध मारलं. पुढे गारठा वाढला तेव्हा एकदा दुसऱ्या कुळातलं. बास.

ओढ्याकडचा शेवटचा वाफा गेलाच. तिथे हवा खेळत नव्हती, ताईने तो उपटून टाकला. पण बाकीच्या झाडांना फळ धरलं ते असं की निवडायच्या खोलीत उजवीकडची खोकी टेबलाखाली ठेवायची वेळ आली. ताईने एक फळ उचललं, उजेडात फिरवून सगळीकडून पाहिलं आणि खाऊन टाकलं. विकायचं फळ तिने खाल्लेलं काकूंनी पहिल्यांदाच पाहिलं.

"लेकीला काय कळवू?" काकूंनी विचारलं.

"कळव, तिने इकडे यावं. माझ्याकडे मुंग्या जवळून दिसतात."

ताई गेली नाही ती नाहीच. मांडव राहिले. काका पुढे फवारत राहिले, पण पिंप मोडीत निघालं आणि प्रत्येक हंगामात पहिला फवारा मारायच्या आधी करड्या फळांची कागदी पिशवी बुरशीबाईंकडे न्यायचा त्यांचा नेम झाला. गेल्या वर्षी ज्या औषधाने बुरशी मेली त्याने ती या वर्षी मरेलच असं काही नसतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं. अमुक औषध चांगलं का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "गेल्या वर्षी होतं. आता बुरशीला विचारून येतो."

काका गेले ते झोपेत, पिकल्या वयात, हंगामातला पहिला फवारा मारायच्या तोंडावर. म्हणून त्या आठवड्यातली त्यांची शहराची फेरी शेवटची. तिच्यात वेगळं काही नव्हतं. सकाळी त्यांनी ताईच्या बागेत फिरून चार-पाच करडी फळं काढली, सुटी सुटी कागदात गुंडाळली, पिशवीवर ताईचं नाव लिहिलं. ताई आता काठी टेकत चालायची, पण पिशवीत फळं बरोबर घातली का ते तिने उघडून पाहिलंच. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "आजोबा, खाऊ का?" काका म्हणाले, "घ्या की एक." त्याने पिशवीत बघितलं आणि पुढच्या प्रवाशाकडे गेला.

बुरशीबाई निवृत्तीला आल्या होत्या, केस पिकले होते. काकांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यांच्या डोक्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यावरही करडी आली म्हणायची."

"हिच्यावर कुठलंच औषध चालत नाही, काका," बाई म्हणाल्या. "सोमवारी सांगते."

परतताना ते ताईच्या मांडवाशी थांबले, सोमवारपर्यंत पंपाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मग घरी आले, बूट दाराशी काढले. काकूंनी विचारलं, "साबण आणलात?"

"अगं, राहिला," काका म्हणाले. तो दर फेरीला राहायचा.